सुताराचें गिरमिट आणि शस्त्रवैद्याचें पेटंट

बोरिवलीहून खाडी ओलांडून गोराईस गेलें म्हणजे कांठावर मासेमारीच्या होड्या ओढून ठेवलेल्या दिसतात. अशा एखाद्या होडीची फळी निखळली म्हणजे सुतारास बोलावणें जातें. तो काय करतो, हें क्षणभर थांबून पाहण्यासारखें आहे. फळीवर स्क्रू ठेवून तो एकदम जोर लावीत नाहीं. तसें केल्यास फळी चिरेल हें त्यास ठाऊक असतें. प्रथम तो गिरमिटानें बारीक भोंक पाडतो आणि मग त्यांत स्क्रू पिळतो. दोन फळ्या एकमेकींवर घट्ट आवळावयाच्या असतील तर तो आणखी एक युक्ति योजतो. वरच्या फळीचें भोंक तो स्क्रूच्या जाडीइतकें मोकळें पाडतो आणि खालच्या फळीचें त्याहून बारीक ठेवतो. त्यामुळें स्क्रूचे आटे केवळ खालच्या फळींत पकड घेतात. वरची फळी स्क्रूच्या डोक्याखालीं सांपडून खालच्या फळीवर ओढली जाते आणि दोहोंमधील फट मिटते. ही युक्ति सुतारास कोणीं पुस्तकांतून शिकविलेली नसते. ती वडिलांकडून मुलाकडे आणि उस्तादाकडून उमेदवाराकडे चालत आलेली असते.

आतां याच गांवचा एखादा कोळी ओल्या फळीवरून घसरून पडला आणि त्याचें कोपर व मनगट यांमधील हाड तिरकें मोडलें, असें समजा. त्यास खाडीपलीकडे आणून रुग्णालयांत नेतात. तेथील शस्त्रवैद्य हाडाचे तुकडे जुळवितो, आणि ३.५ मिलिमीटर जाडीच्या स्क्रूकरितां हाडाच्या जवळच्या कवचांत ३.५ मिलिमीटरांचें व पलीकडच्या कवचांत २.५ मिलिमीटरांचें भोंक पाडतो. स्क्रू पिळला जातांच पलीकडचा तुकडा जवळच्या तुकड्यावर आवळला जातो. पुढें बहुधा वरून धातूची पट्टी बसवून तो सांधा संरक्षिला जातो. होडीच्या फळीवर जें घडलें तेंच येथें हाडावर घडलें. फरक इतकाच कीं एका ठिकाणीं लांकूड होतें आणि दुसऱ्या ठिकाणीं जिवंत देह.

अशा कृतींत थोडा फेरफार करून एखाद्यानें सरकारकडे अर्ज केला, कीं हाडास भोंक पाडून तें जखडण्याची ही रीत माझी आहे, ती २० वर्षें माझ्या परवानगीवांचून कोणीं वापरूं नये, तर कायद्यानें त्यास काय उत्तर द्यावें? हा प्रश्न केवळ वकिलांच्या दालनांतला नाहीं. त्याच्या उत्तरावर त्या कोळ्याच्या हाताचा खर्च अवलंबून आहे. आणि उद्यां अधिक चांगलें साधन कोणी शोधून काढील कीं नाहीं, हेंहि त्यावरच अवलंबून आहे.

पेटंट हा एक सौदा आहे. संशोधकानें आपली कल्पना लपवून न ठेवतां, दुसऱ्या जाणकारास ती करून पाहतां येईल इतक्या स्पष्टपणें लिहून द्यावी. त्याच्या मोबदल्यांत राज्यानें त्यास ठराविक मुदतीपर्यंत तिचा अनन्य हक्क द्यावा, आणि मुदत संपतांच ती सर्वांची व्हावी, असा हा व्यवहार आहे. हिंदुस्थानांत या प्रकारचा पहिला कायदा १८५६ सालीं झाला. त्यानंतरच्या कायद्यांत १९११ चा कायदा दीर्घकाळ चालला, आणि त्याची जागा १९७० च्या कायद्यानें घेतली. तो २० एप्रिल १९७२ पासून अंमलांत आला. आज हक्काची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षें आहे. हा सौदा जनतेस परवडावयाचा तर जनतेच्या पदरीं कांहीं नवें पडलें पाहिजे. जें तिच्यापाशीं आधींच आहे तेंच तिला विकत देणें हा व्यापार नव्हे, ती लूट होय.

म्हणून कायदा तीन कसोट्या लावतो. वस्तु नवी हवी, ती उद्योगांत उपयोगास येणारी हवी, आणि तिच्यांत शोधकबुद्धीचा अंश हवा. पहिल्या दोन कसोट्या समजण्यास सोप्या आहेत. तिसरीच खरी कठीण. एखादी गोष्ट पूर्वीं जशीच्या तशी कोठेंहि झालेली नसेल, म्हणजे ती नवी असेल, आणि तरीहि ती इतकी उघड असेल कीं त्या विद्येंतील कोणाहि जाणत्या माणसानें सहज केली असती. हातच्या कांकणास आरसा लागत नाहीं. तशा उघड गोष्टीस पेटंट मिळत नाहीं. आपल्या कायद्याची भाषा अशी आहे कीं, शोधांत पूर्वज्ञानाच्या मानानें तांत्रिक प्रगति असावी, किंवा त्यास आर्थिक महत्त्व असावें, किंवा दोन्हीं असावींत, आणि त्यायोगें तो शोध त्या विद्येंतील जाणकारास उघड वाटणारा नसावा.

परंतु शस्त्रक्रियेच्या रीतीचा प्रश्न आपल्या देशांत या तिसऱ्या कसोटीपर्यंत पोंचतच नाहीं. १९७० च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमांत ज्या गोष्टी शोध मानावयाच्या नाहींत त्यांची यादी आहे. मनुष्यावर करावयाच्या औषधी, शस्त्रक्रियेच्या, रोगनिवारक वा इतर उपचारांची कोणतीहि प्रक्रिया त्या यादींत आहे. २००२ च्या दुरुस्तीनें त्यांत निदानाच्या प्रक्रियेचाहि स्पष्ट उल्लेख आला. तेव्हां हाडास कोठें, किती खोल आणि कोणत्या क्रमानें भोंक पाडावें ही रीत कितीहि बुद्धिचातुर्याची असली तरी तिचें पेटंट येथें होत नाहीं. यामागचा विचार सरळ आहे. शस्त्रवैद्य रोग्यावर वांकला असतां त्याच्या मनांत एकच प्रश्न असावा, रोग्याचें हित कशांत आहे हा. ही रीत कोणाच्या मालकीची आहे, हा दुसरा प्रश्न तेथें शिरूं नये.

युरोपीय पेटंट कराराचा नियमहि असाच आहे, आणि १९९५ पासून अंमलांत आलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या करारानें प्रत्येक राष्ट्रास असा अपवाद ठेवण्याची मोकळीक दिली आहे. अमेरिकेनें मात्र वेगळी वाट धरली. तेथें उपचाराच्या रीतीस पेटंट मिळूं शकतें. १९९२ सालीं डॉ. सॅम्युएल पॅलिन यांस मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेंत टांक्यांवांचून मिटणारा छेद घेण्याच्या रीतीचें पेटंट मिळालें, आणि त्यांनीं व्हर्माँट संस्थानांतील दुसऱ्या एका नेत्रवैद्यावर फिर्याद केली. एका वैद्यानें दुसऱ्या वैद्यावर, रोग्याचा डोळा बरा केल्याबद्दल, दावा लावावा हें पाहून तेथील वैद्यकव्यवसाय खवळून उठला. १९९६ सालीं तो दावा फिर्यादीच्या विरुद्ध मिटला, आणि त्याच वर्षीं अमेरिकन विधिमंडळानें कायदा केला, कीं अशा रीतीचें पेटंट असलें तरी उपचार करणाऱ्या वैद्यावर अथवा रुग्णालयावर भरपाई वा मनाईहुकूम लादतां येऊं नये. मात्र पेटंट असलेलें उपकरण वापरल्यास ही सूट लागू पडत नाहीं.

उपकरण हा शब्द येथें महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडेहि खरी लढाई तेथेंच होते. शस्त्रक्रियेची रीत कायद्यानें वगळली. तिच्यासाठीं लागणारीं साधनें वगळलेलीं नाहींत. भोंक नेमक्या दिशेनें पडावें म्हणून हाडावर ठेवावयाची नळी, ठराविक खोलीपुढें न जाणारें गिरमिट, स्क्रू, पट्टी, सळई या सर्व वस्तूंस पेटंट मिळूं शकतें. मग त्यांच्या बाबतींत, हें साधन जाणकारास उघड होतें काय, हा प्रश्न पुरत्या जोरानें उभा राहतो.

या प्रश्नाचें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें दिलेलें प्रसिद्ध उत्तर हाडांच्या नव्हे, भांड्यांच्या खटल्यांत आहे. मिर्झापूर येथील हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज ही पेढी पितळेचीं व जर्मन सिल्व्हरचीं भांडीं करीत असे. चरकावर भांडें फिरवून तें घांसावयाचें व चकचकीत करावयाचें, तर तें चरकावर घट्ट धरलें गेलें पाहिजे. जुन्या रीतींत भांडें फिरतां फिरतां उडून जाई आणि कामगारास इजा होण्याचें भय असे. पेढीच्या एका भागीदारानें १९५१ मध्यें भांडें दुसऱ्या बाजूनें दाबून धरण्याची योजना केली आणि तिचें पेटंट मिळविलें. पुढें विश्वनाथ प्रसाद राधेश्याम या पेढीशीं त्यावरून वाद झाला. उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशानें पेटंट रद्द केलें. अपिलांत तें पुन्हां उभें राहिलें. आणि १३ डिसेंबर १९७८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें अखेरचें रद्द ठरविलें. चरकाच्या शेपटाकडील टोंकानें वस्तु दाबून धरणें ही यंत्रशाळेंतील जुनीच गोष्ट होती. ती भांड्यास लावणें ही कारखान्यांतील सुधारणा झाली, शोध झाला नाहीं, असा त्या निर्णयाचा मथितार्थ आहे.

त्याच निर्णयांत न्यायालयानें एक कसोटी सांगितली, ती ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. अर्जाच्या तारखेस उपलब्ध असलेलें पूर्वज्ञान एखाद्या समर्थ कारागिराच्या हातीं द्यावें. त्याच्यापुढें तीच अडचण असावी, परंतु अर्जदारानें काढलेली तोड त्यास माहीत नसावी. असा मनुष्य तें पूर्वज्ञान पाहून, मला हवें तें यांत आहे, असें म्हणाला असता काय? म्हणाला असता, तर ती तोड उघड होती.

या कसोटींतील अत्यंत अवघड भाग म्हणजे अर्जदाराची तोड विसरणें. उखाण्याचें उत्तर कळल्यावर उखाणा सोपाच वाटतो. न्यायाधीशापुढें कागद येतात तेव्हां उत्तर आधींच लिहिलेलें असतें, आणि मागें वळून पाहिलें असतां सारी वाट सरळ दिसते. म्हणून दिल्ली उच्च न्यायालयानें २०१५ सालीं रोश आणि सिप्ला या औषध कंपन्यांमधील खटल्यांत विचाराच्या पायऱ्या नेमून दिल्या. जाणकार कोण तें प्रथम ठरवावें. मग शोधाचा गाभा ओळखावा. त्या तारखेस त्या जाणकारास सामान्यतः काय ठाऊक होतें तें पाहावें. दोहोंमधील अंतर मोजावें. आणि शेवटीं, उत्तर माहीत नाहीं असें धरून, तें अंतर त्यानें सहज ओलांडलें असतें काय, हें विचारावें.

आतां गोराईच्या सुताराकडे पुन्हां वळावें. त्याची युक्ति हाडास लावणें उघड म्हणावें काय? येथें घाईनें होय म्हणणें बरोबर नाहीं, कारण हाड म्हणजे लांकूड नव्हे. लांकडांत गिरमिट तापलें तर फार तर थोडा धूर निघतो. हाडांत मात्र उष्णता सुमारें ४७ अंश सेल्सिअसवर मिनिटभर राहिली तरी हाडाच्या पेशींस इजा होते, असें १९८० नंतरच्या दशकांतील स्वीडिश प्रयोगांत दिसून आलें. मेलेलें हाड स्क्रूभोंवतीं झिजतें, आणि आज घट्ट वाटलेली पकड कांहीं आठवड्यांनीं सैल पडते. म्हणून शस्त्रवैद्य भोंक पाडतांना मिठाचें निर्जंतुक पाणी सोडतो आणि गिरमिटाची धार तपासून घेतो. लांकडास जें लागू तें हाडास लागू पडेलच असें नाहीं. तेव्हां येथें जाणकार म्हणून सुतार चालणार नाहीं. अस्थिशस्त्रवैद्य आणि शस्त्रक्रियेचीं साधनें घडविणारा अभियंता या दोघांच्या ज्ञानाची बेरीज करून तो जाणकार कल्पावा लागतो.

मुंबईचींच दोन उदाहरणें विचाराकरितां घेण्यासारखीं आहेत. लांब हाडाच्या मज्जेच्या पोकळींत सळई घालून तें जोडण्याची रीत जर्मनींत गेरहार्ड कुंटशर यांनीं १९३९ च्या सुमारास रूढ केली. परंतु कोपराखालच्या हातास दोन हाडें असतात आणि तळहात पालथा-उताणा करतांना त्यांच्यांत पीळ पडतो. गोल पोकळींतली गोल सळई अशा वेळीं फिरूं शकते. मुंबईच्या तळवलकर या शस्त्रवैद्यांनीं त्यासाठीं चौकोनी छेदाची सळई योजिली आणि १९६७ सालीं तिजवरील अनुभव अस्थिवैद्यकाच्या भारतीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला. ती सळई तळवलकरांच्याच नांवानें ओळखली जाते. चौकोनी खुंटी गोल भोंकांत फिरत नाहीं, हें सुतार पूर्वापार जाणतो. पण जाणकार शस्त्रवैद्यांपुढें तीच अडचण असतां त्यांनीं ही तोड काढली होती काय, आणि चौकोनी कडांमुळें बारीक हाड चिरेल अशी भीति त्यांस वाटत होती काय, हे प्रश्न विचारल्यावांचून ती उघड होती असें म्हणतां येणार नाहीं.

दुसरें उदाहरण मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांच्या बाह्य आधाराच्या जोडणीचें. वैद्यकांत ती जेस या नांवानें प्रसिद्ध आहे. हाडांतून बारीक तारा आरपार घालावयाच्या, आणि त्या शरीराबाहेर लहान सांध्यांनीं दांड्यांस जोडावयाच्या, अशी ही रचना हाताच्या मोडलेल्या हाडांकरितां व जन्मतः वांकड्या पावलांकरितां वापरली जाते. तारा नव्या नव्हेत. मार्टिन किर्शनर यांनीं त्या १९०९ सालींच पुढें आणल्या होत्या. दांड्याहि नव्या नव्हेत. येथें कायद्याचा दुसरा नियम कामास येतो. ठाऊक असलेलीं साधनें शेजारीं शेजारीं मांडलीं आणि प्रत्येक आपलें जुनेंच काम स्वतंत्रपणें करीत राहिलें, तर ती केवळ मांडणी होय, शोध नव्हे. परंतु त्यांच्या एकत्र येण्यानें जें कोणतेंच एक साधन करूं शकत नव्हतें असें काम घडलें, तर ती मांडणी राहत नाहीं. म्हणून अशा प्रत्येक जोडणीपुढें, भाग जुने आहेत काय एवढेंच न विचारतां, ते एकत्र येऊन काय करतात, हें विचारावें लागतें.

परदेशांतील दोन निर्णयांवरून ही सीमा स्पष्ट दिसते. मणक्यांत बसवावयाच्या एका स्क्रूचें डोकें पेल्यांत थोडें हलूं शकत असे. त्यावर दाब देणारा भाग बसवून तें घट्ट करणें उघड होतें काय, असा वाद अमेरिकेंत डीप्यू स्पाइन आणि मेडट्रॉनिक या कंपन्यांत झाला. २००९ सालीं अपील न्यायालयानें तें उघड नव्हतें असें ठरविलें. कारण पूर्वीच्या लेखांतच असें म्हटलें होतें, कीं थोडी हालचाल राहिल्यानें हाड व स्क्रू यांमधील पकड टिकते. ज्या वाटेनें जाऊं नये अशी पाटी लावलेली होती त्याच वाटेनें जाऊन यश मिळविणें, हें सहज घडणारें नव्हे. उलट २०१३ सालीं त्याच न्यायालयापुढें हाड जखडण्याच्या पट्टीचा प्रश्न आला. तिच्या भोंकांस आटे पाडून स्क्रूचें डोकें पट्टींतच जखडलें जावें अशी ती योजना होती. तेथें न्यायालयानें पेटंट-कार्यालयाच्या मंडळाचा निर्णय फिरवून ती उघड ठरविली. कारण तिचे भाग पूर्वींपासून ठाऊक होते आणि त्यांच्या मिलाफानें जें व्हावयाचें तेंच झालें. भोंक तेंच, स्क्रू तोच. परंतु पूर्वज्ञान काय सांगत होतें यावर दोन उत्तरें पडलीं.

याचा घरोघरच्या जीवनाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा कीं ही तपासणी करण्याचा अधिकार केवळ सरकारी परीक्षकास नाहीं. पेटंटचा अर्ज साधारणतः १८ महिन्यांनीं प्रसिद्ध होतो, आणि पेटंट मंजूर होण्यापूर्वीं कोणासहि त्यास लेखी विरोध करतां येतो. मंजुरी प्रसिद्ध झाल्यावर एक वर्षाच्या आंत हितसंबंधी मनुष्यास विरोध करतां येतो. आणि त्यापुढें उच्च न्यायालयाकडे रद्द करण्याची मागणी करतां येते. महाराष्ट्र आणि गोवा यांचें काम मुंबईंत अँटॉप हिल येथील पेटंट-कार्यालयांतून चालतें. एखाद्या वृद्ध शस्त्रवैद्याच्या कपाटांतला जुना अंक, एखाद्या साधनविक्रेत्याची वीस वर्षांपूर्वींची सूची, हीं तेथें मोलाचीं ठरूं शकतात. कारण एकदां प्रसिद्ध झालेली कल्पना सर्वांची होते, आणि पुढें तिच्यावर कोणास हक्क सांगतां येत नाहीं. ज्या वैद्यानें स्वतःच शोध लावला असेल त्यानेंहि हें ध्यानांत ठेवावें. विद्वत्सभेपुढें निबंध वाचला तर १२ महिन्यांच्या आंत अर्ज करण्याची सवलत कायद्यानें दिली आहे. ती मुदत हुकली म्हणजे त्याचेंच ज्ञान त्याच्या आड येतें.

दोन्ही बाजूंस धोका आहे. कसोटी सैल झाली तर सुतारालाहि ठाऊक असलेल्या गोष्टीवर कोणी नांव घालील, आणि प्रत्येक स्क्रूच्या किंमतींत त्या नांवाचा कर मिसळेल. तो कर शेवटीं भरतो मोडलेल्या हाताचा धनी. कसोटी अति कडक झाली, मागाहून सुचलेल्या शहाणपणानें प्रत्येक शोध उघड ठरूं लागला, तर जो अनेक वर्षें खपून सैल न पडणारा स्क्रू शोधील त्यास आपलें ज्ञान उघड करण्याचें कारण उरणार नाहीं. तेंहि नुकसान त्याच रोग्याचें आहे.

म्हणून उघड या लहानशा शब्दावर न्यायालयें इतका विचार करतात. गोराईच्या सुतारानें वरच्या फळीचें भोंक मोकळें ठेवलें तें परंपरेच्या ज्ञानानें. त्या ज्ञानास धनी नाहीं आणि नसावा. त्याच ज्ञानापुढें एक पाऊल खरोखर टाकणारास मुदतीपुरता हक्क मिळावा. खाडीपलीकडून आलेल्या कोळ्याचा हात बरा होऊन पुन्हां जाळें ओढूं लागला, आणि तेवढ्यासाठीं त्यास होडी विकावी लागली नाहीं, म्हणजे हा सौदा बरोबर झाला असें म्हणावयास हरकत नाहीं.